कोंडाईबारीची वाट आणि आभीरांचे राज्य

खानदेशातून गुजरातेत उतरावयाचे तर निसर्गाने माणसाला फार वाटा दिलेल्या नाहीत. उत्तरेस सातपुड्याची भिंत, दक्षिणेस सह्याद्रीच्या पूर्वेकडे वळलेल्या शाखा, आणि या दोहोंच्या मधून पश्चिमेकडे धावणारी तापी. परंतु पुढे जाता जाता तापीचे खोरे रानाने आणि टेकड्यांनी असे दाटत जाते, की जुन्या काळचे बैलांचे तांडे नदीकाठ सोडून किंचित दक्षिणेकडून, नंदुरबार-नवापूरच्या बाजूने, सुरतेचा रस्ता धरीत. एकोणिसावे शतक सरता सरता सुरत आणि अमळनेर यांना जोडणारी ताप्ती व्हॅली रेल्वे आखली गेली, तेव्हा रुळांनीही बहुतांशी त्याच जुन्या वाटेचा माग काढला. या वाटेवर राज्य करून गेलेले जे अनेक लोक इतिहासाच्या दप्तरात नोंदले गेले आहेत, त्यांत सर्वांत कमी ओळखीचे, आणि माझ्या मते या वाटेशी सर्वांत जवळचे नाते असलेले लोक म्हणजे आभीर. गुरामेंढरांमागे फिरता फिरता ज्यांनी सातवाहनांच्या पश्चात नाशिकच्या परिसरात आपला अंमल बसविला, त्यांच्या शोधात कोणी निघाला तर त्याला राजवाडे किंवा नगरांचे अवशेष पाहावयास मिळण्याचा संभव थोडा. त्याने चराई, पाणवठे आणि खिंडी पाहाव्यात, या हेतूने मी चिंचपाड्याचे तिकीट काढले.

नंदुरबार मात्र ओलांडून पुढे जाण्याजोगे गाव नव्हे. १९९८ साली धुळ्यापासून वेगळा काढलेल्या जिल्ह्याचे हे मुख्य ठाणे आज कचेऱ्या, मिरचीचे ढीग आणि मोटारींची वर्दळ यांनी गजबजलेले असले, तरी गाव कोणी वसविले असे एखाद्या जुन्या माणसास विचारले, की तो क्षणाचाही विलंब न लावता नंद गवळ्याचे नाव घेतो. नंद नावाचा कोणी गवळी राजा येथे होऊन गेला, त्याच्या वंशाकडे मुसलमानी अंमल येईपर्यंत हे गाव होते, ही परंपरा इंग्रजी अमदानीत गॅझेटियर लिहिणाऱ्यांनीही टिपून ठेवली आहे. अशा गवळी राजांची आपल्याकडे वाण नाही. वऱ्हाडच्या माथ्यावरील गाविलगड, छिंदवाड्याकडील देवगडचे गोंडपूर्व राज्य, खानदेशच्या पूर्व टोकावरील अशीरगड या सर्वांच्या मुळाशी लोकांची स्मृती गवळ्याला किंवा अहिराला, म्हणजे नावाने आभीरालाच, नेऊन बसविते. इतकेच काय, द्वारकेहून आल्याचे सांगणारे, यदुवंशाचा अभिमान मिरविणारे सेऊण देशचे यादवदेखील नाशिक-सिन्नरकडच्या लोकांच्या तोंडी पुष्कळदा 'गवळी राजे' म्हणूनच येतात. पंडितांनी या कथांना आजवर फारसा भाव दिलेला नाही. एकेका कथेस पुरावा म्हणून किंमत नाही, हे मलाही मान्य आहे. पण एकाच विस्तीर्ण पट्ट्यात, एकमेकांची ओळख नसलेल्या गावांनी, राज्याचा उगम गुरांच्या गोठ्यात असल्याचे एकमुखाने सांगावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

नंदुरबार सोडल्यावर गाडी पश्चिमेकडे वळते आणि काळ्या जमिनीचा सपाट खानदेश हळूहळू मागे पडतो. खांडबाऱ्यापासून टेकड्या जवळ येऊ लागतात, कापसाच्या जागी भाताची खाचरे दिसू लागतात, साग आणि मोह रुळांच्या कडेपर्यंत येतात, आणि डब्यातील बोलणेही पालटते; अहिराणीचे हेल विरळ होत जाऊन मावची, भिली आणि कोकणी कानांवर येऊ लागते. चिंचपाड्याचे स्टेशन लहान आहे. गाव आदिवासींचे, गावित, भिल्ल, कोकणी यांची वस्ती, कुडाच्या भिंती, कौले आणि आता त्यांत मिसळलेली सिमेंटची घरे. गावाचे नाव दूरवर पोहोचविले ते येथील जुन्या मिशन दवाखान्याने; तालुक्यातीलच नव्हे, तर सीमेपलीकडचे रुग्णही झोळीत, बैलगाडीत आणि आता जीपगाडीत घालून येथे आणले जात आले आहेत. सुरत-धुळ्याचा महामार्ग जवळूनच जातो आणि त्यावरील मालमोटारींची घरघर रात्रीही थांबत नाही.

मी गेलो तेव्हा पौषाचे दिवस होते. भात कापून झाला होता आणि मोकळ्या खाचरांत ठेलारींचे वाडे उतरले होते. ठेलारी ही मेंढ्या पाळणारी जमात. साक्री तालुक्यातील आणि आसपासच्या कोरड्या माळांवर त्यांची गावे आहेत, पण वर्षाचा मोठा भाग त्यांचा पाय गावाला लागत नाही. वाडा म्हणजे काही कुटुंबे, त्यांच्या मेंढ्या, ओझ्याची घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घोड्याच्या पाठीवर उलटी बांधलेली खाट, असा एक चालता संसार. रात्री मेंढ्या ज्याच्या शेतात बसवायच्या त्याच्याकडून धान्य किंवा रोख रक्कम ठरवून घ्यावयाची, मेंढ्यांच्या लेंड्यांनी आणि मुताने त्याचे शेत खतावले जावयाचे, आणि चारा संपला की पुढच्या शिवाराकडे निघावयाचे, असा हा व्यवहार. वाड्यातील एका वृद्ध माणसाशी मी पुष्कळ वेळ बोलत बसलो. पावसाळ्यात येथे इतके हिरवे गवत असता तुम्ही माळावर का परतता, असे मी विचारले तेव्हा माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखा तो हसला. "खुरमा पानी मुरनं का मेंढी बसनी समजा, दादा," एवढेच त्याचे उत्तर होते, आणि त्यात या प्रदेशाचा सारा भूगोल आला. कोंडाईबारीच्या घाटाखाली नवापूरकडे पाऊस धो धो कोसळतो. चिखलात मेंढीचे खूर कुजतात, लोकर भिजून ती आजारी पडते. बारीच्या वर साक्रीकडे तोच पाऊस हात आखडता घेतो. म्हणून पावसाळा वर काढावयाचा आणि पाऊस सरला की पाचोळा, धसकटे आणि झाडपाला यांसाठी खाली उतरावयाचे. पुढे हीच वाट कित्येकांना गुजरातेत नेते. आणि उलट दिशेने काठेवाडी गुराखी आपल्या गाई घेऊन खानदेशात येतात ते वेगळेच. त्या म्हाताऱ्याने मला आपला सारा मार्ग सांगितला, पण त्यात मैलांचा हिशेब कोठेही नव्हता. कोणत्या नाल्याचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, कोणता शेतकरी मेंढ्या बसवून घेतो आणि कोणता काठी घेऊन धावतो, कोणत्या खिंडीत रात्री थांबू नये, असा तो मार्ग होता. शेजारी बसलेल्या त्याच्या नातवाला तो सारा पाठ होता.

हे ठेलारी आभीरांचे वंशज आहेत, असे मला म्हणावयाचे नाही. जातींच्या वंशावळी जुळविण्याचा हव्यास आपल्याकडे आधीच पुष्कळ झाला आहे. पण आभीर म्हणजे कोण, हे ग्रंथांपेक्षा अशा वाड्यापाशी अधिक समजते. ग्रंथांचे त्यांच्याविषयीचे मत वाईट आहे. पतंजलीच्या महाभाष्यात आभीरांचे नाव शूद्रांच्या जोडीने येते. महाभारतातील मौसलपर्वात द्वारका बुडाल्यावर यादवस्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला पंचनद देशात लुटतात ते आभीरच, आणि गांडीव हाती असूनही अर्जुनाला त्यांचे निवारण करता येत नाही. शल्यपर्वात तर शूद्राभीरांच्या द्वेषाने सरस्वती वाळूत लुप्त झाली, असे सांगितले आहे. ज्याचे घर आज येथे आणि उद्या तेथे, त्याच्याविषयी स्थिर वस्तीच्या शास्त्रकारांना नेहमीच संशय वाटत आला आहे, आणि वाळवंट पसरल्याचा दोषही गुराख्याच्या माथी मारण्याची ही रीत आजच्या जंगल खात्यालाही परकी नाही. उलट, ज्याला कोणाचे वर्ण ठरवावयाचे नव्हते अशा एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गाच्या वर्णनात सुराष्ट्राच्या आतल्या बाजूस 'अबेरिया' नावाचा देश नोंदला आहे. गहू, तांदूळ, तिळाचे तेल, तूप आणि कापूस तेथे पिकतो आणि तेथे गुरेढोरे अमाप चरतात, असे तो सांगतो. बाजाराच्या दृष्टीने पाहणाऱ्याला तेथे तूप दिसले, आणि शास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्याला दस्यू.

गुराखी राजा होतो तो एकाएकी टोळी घेऊन नगरावर तुटून पडतो म्हणून, असे चित्र आपल्या मनात असते. आभीरांच्या बाबतीत जो थोडा लेखी पुरावा उपलब्ध आहे, तो वेगळीच हकीकत सांगतो. सौराष्ट्रातील गुंदा येथे शक १०३, म्हणजे इसवी सन १८१ चा एक शिलालेख सापडला आहे. क्षत्रप रुद्रसिंहाच्या कारकीर्दीत सेनापती बापकाचा पुत्र सेनापती रुद्रभूती, जातीने आभीर, याने रसोपद्र गावी विहीर बांधून काढली, असा त्यातील मजकूर. बाप सेनापती, मुलगाही सेनापती. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम क्षत्रपांच्या फौजेत आभीरांच्या निदान दोन पिढ्या वरच्या हुद्द्यावर चढल्या होत्या. पुढे याच क्षत्रपांच्या नाण्यांच्या मालिकेत ईश्वरदत्त नावाचा एक महाक्षत्रप मध्येच येतो, आपल्या राज्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची नाणी पाडतो आणि नाहीसा होतो. तो आभीर असावा, असा तर्क अनेक विद्वानांनी केला आहे, त्याच्या काळाविषयी मात्र त्यांचे एकमत नाही. नोकरी, मग सरदारकी, मग संधी मिळताच गादी, असा हा क्रम पेशवाईचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला मुळीच अपरिचित वाटू नये. होळच्या धनगराच्या घरी जन्मलेला मल्हारराव बारगिरांतून वर चढत माळव्याचा सुभेदार झाला, तोही याच पायऱ्यांनी.

आणि फौजेला गुराख्याची गरज का लागावी, याचे उत्तर चिंचपाड्याच्या त्या म्हाताऱ्याने मला आधीच देऊन ठेवले होते. क्षत्रपांची सत्ता माळवा-गुजरातेत, सातवाहनांची दख्खनेत, आणि दोघांची झुंज नाशिक आणि जुन्नर यांकडून भडोच बंदराकडे जाणाऱ्या वाटांवरून. ज्या सैन्याला या खिंडी ओलांडावयाच्या होत्या, त्याला पाणी कोठे आणि किती दिवस, घोड्याला गवत कोठे, कोणत्या बारीतून ओझ्याची जनावरे उतरू शकतात, हे सांगणारी माणसे हवी होती. ती माहिती कोणत्याही दप्तरात लिहिलेली नसे. ती वर्षानुवर्षे वर-खाली करणाऱ्या गुराख्यांच्या डोक्यात असे.

चिंचपाड्याहून नवापूर जवळ आहे. तेथील रेल्वे स्टेशनाच्या फलाटातूनच महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते, आणि एकाच बाकाच्या दोन टोकांवर दोन राज्यांतील माणसे बसू शकतात, याचे प्रवाशांना मोठे कौतुक. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच मार्गाने सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला. नवापुरात त्याला विणकरांची मोठी वस्ती आढळली, आणि येथील बर्फासारख्या पांढऱ्या, कस्तुरीचा वास असलेल्या बारीक तांदळाची त्याने तोंड भरून स्तुती केली. पुढे अठराव्या शतकाच्या प्रारंभी पिलाजी गायकवाडाने गुजरातेत पाय रोवले तेही याच दारातून. त्याचा सोनगडचा किल्ला येथून फार दूर नाही. सुगंधी तांदूळ नवापूरच्या बाजारात आजही मिळतो. मी थोडा घेतला. घरी शिजवून पाहता ताव्हेर्निएने अतिशयोक्ती केली नव्हती असे वाटले.

दुसऱ्या दिवशी विसरवाडीवरून कोंडाईबारी चढलो. खानदेशात घाटाला बारी म्हणतात. ही बारी उंचीने किंवा भीषणतेने कोकणच्या घाटांची बरोबरी करू शकणार नाही. वळणे घेत रस्ता सागाच्या रानातून वर जातो आणि अगदी अवचित रान विरळ होते, आभाळ मोठे होते, वारा कोरडा लागतो, आणि समोर दहिवेल-साक्रीकडचा माळ पसरलेला दिसतो. एवढ्याशा चढात दोन हवामाने एकमेकांना येऊन भिडतात. जो समाज या दोहोंचा हंगाम साधू शकतो, त्याच्या हाती दोन्हीकडचा बाजार आणि मधली खिंड आपोआप येते. आणि खिंडीवर ज्याची वस्ती, जकात त्याची. राज्य नावाची वस्तू याहून फारशा निराळ्या मालातून घडत नसावी.

येथून दक्षिणेकडे बागलाणचे डोंगर दिसू लागतात, आणि बागलाणचे नाव निघाले की अशीरगडच्या आसा अहिराची आठवण येते, कारण त्याचा घात बागलाणच्या नावाने झाला. तवारीखकार फरिश्त्याने सांगितलेली ही कथा आहे. आसा अहिराजवळ पाच हजार म्हशी, पाच हजार गाई, वीस हजार मेंढ्या, हजार घोड्या आणि दोन हजार माणसे होती. त्याच्या डोंगरावर गुरांसाठी बांधलेले आवार होते. खानदेशात आणि गोंडवनात दुष्काळ पडला तेव्हा त्याच्या कोठारांत धान्य भरलेले होते. बायकोच्या आग्रहाने त्याने ते गोरगरिबांना वाटले, आणि लोकांना काम मिळावे म्हणून जुने आवार पाडून दगडी तट बांधविला. पंधराव्या शतकाच्या आरंभी फारुकी घराण्यातील नसीरखानाने त्याला निरोप धाडला, की बागलाण आणि अंतूरचे राजे माझ्यावर उठले आहेत, तरी माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. भोळ्या अहिराने दरवाजे उघडले. डोल्या आत आल्या, आणि त्यांतून बायकांच्या ऐवजी हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसा आणि त्याचे मुलगे मारले गेले. गडाला नाव तेवढे त्याचे राहिले. यातील आकडे फरिश्त्याचे, खरेखोटे तो जाणे. परंतु गुरांचे आवार प्रथम, मग कोठार, मग दुष्काळात धान्य देण्याचे सामर्थ्य आणि शेवटी तट, अशी सत्तेची चढण त्याने ज्या नेमकेपणाने सांगितली आहे, ती कोणत्याही राजप्रशस्तीत सापडणार नाही. आसाच्या हजार-बाराशे वर्षे आधीच्या आभीरांचे चरित्र लिहावयास कोणी फरिश्ता मिळाला असता, तर त्याने याहून फार वेगळे लिहिले असते असे मला वाटत नाही.

साक्री, पिंपळनेर, सटाणा असे करीत मी नाशिकला पोहोचलो आणि त्रिरश्मी डोंगर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, तो चढलो. येणारे लोक तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्राच्या आईचा लेख पाहून परततात. मला जावयाचे होते दहाव्या लेण्यात. हे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई शक उषवदात याचे. शकदेखील मूळचे मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत घोडे आणि मेंढरे घेऊन फिरणारे, आणि तीन लक्ष गाई दान दिल्याचे उषवदाताने येथे अभिमानाने कोरून ठेवले आहे. ज्याच्या पूर्वजांची सारी दौलत चार पायांवर चालत असे, त्याला दानाची मोजणी गाईंतच करावीशी वाटली तर नवल नाही. या लेण्याच्या अंगणात, नंतरच्या काळात कोरलेला, राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. आभीर शिवदत्ताचा पुत्र, माढरीपुत्र, असे राजाचे वर्णन त्यात येते. बापाच्या नावामागे राजपदवी नाही. यावरून ईश्वरसेन हाच या घराण्यातील पहिला राजा, असे अभ्यासक मानतात. पण आईच्या गोत्रनामाने स्वतःस ओळखविण्याची सातवाहनांची रीत त्याने तत्काळ उचलली आहे. बाप नुसता आभीर आणि मुलगा माढरीपुत्र राजा. एका पिढीत पडलेले हे अंतर दगडावर इतक्या निर्विकारपणे कोरलेले पाहून मी बराच वेळ तेथून हललो नाही.

लेखातील दान राजाचे नाही. ते विष्णुदत्ता नावाच्या बौद्ध उपासिकेचे आहे. ती शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची पत्नी आणि गणपक विश्ववर्म्याची आई. त्रिरश्मीवरील विहारात चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांना औषध मिळावे, म्हणून तिने गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव ठेवली. कुलरिकांच्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण, ओदयंत्रिकांच्या, म्हणजे बहुधा पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे दोन हजार. तेलघाणेवाल्यांच्या श्रेणीचेही नाव त्यात आहे. मुद्दल कोणी मोडावयाचे नाही आणि व्याजातून औषधाचा खर्च भागवावयाचा, असा हा करार. अर्जुनाला लुटणाऱ्या ज्या आभीरांच्या द्वेषाने सरस्वती आटली म्हणतात, त्यांच्यापैकी एकाच्या राज्यात शक कुळातील स्त्री तेल्यांच्या संघाकडे पैसे ठेवून बौद्ध भिक्षूंच्या दवाखान्याची तजवीज करते आणि त्या पैशाला उद्या धक्का लागेल अशी शंका तिच्या मनाला शिवत नाही. राज्याच्या बंदोबस्ताबद्दल याहून विश्वासार्ह साक्ष कोणती काढावयाची?

पुराणांनी आभीर राजांची संख्या कोठे दहा, कोठे सात दिली आहे आणि मत्स्यपुराणाने त्यांना सदुसष्ट वर्षे दिली आहेत. आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे आभीर वसुषेणाच्या तिसाव्या वर्षाचा, अष्टभुजस्वामीच्या मूर्तिस्थापनेचा लेख मिळाला आहे; कदंब मयूरशर्म्याच्या चंद्रवल्लीच्या लेखात आणि समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या स्तंभलेखातही त्यांचे नाव येते, आणि त्यानंतर राजे म्हणून त्यांचा माग पुसट होत जातो. राहिली ती त्यांची कालगणना. इसवी सन २४८-४९ च्या सुमारास सुरू होणारा एक संवत् पश्चिम भारतातील ताम्रपटांवर आढळतो. तो ईश्वरसेनाच्या राज्यारोहणापासूनचा, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मोठ्या परिश्रमाने प्रतिपादिले. दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकणातील त्रैकूटकांनी, म्हणजे चिंचपाड्याहून घाटाखाली उतरले की ज्यांचा मुलूख लागे त्या राजांनी, तोच संवत् चालविला; दह्रसेनाचा पारडीचा ताम्रपट २०७ व्या वर्षाचा आणि व्याघ्रसेनाचा सुरतेचा ताम्रपट २४१ व्या वर्षाचा आहे. पुढे कलचुरींनी तो उचलला आणि नर्मदाकाठच्या त्रिपुरीपर्यंत नेला. त्यामुळे आज त्याला कलचुरी-चेदी संवत् म्हणतात, आणि ईश्वरसेनानंतर सुमारे हजार वर्षे, बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत, जबलपूरकडील ब्राह्मणांना मिळालेल्या गावांच्या सनदांवर तारखा पडत होत्या त्या याच वर्षांच्या.